फेनर स्ट्रीटला एक माणूस कमी

पन्नास पूर्णांक नऊ टक्के. हा आकडा मी त्या मंगळवारी अकरा वेळा काढला. कॅल्क्युलेटरवर काढला, कागदावर काढला, माझा कॅल्क्युलेटर बिघडला असेल म्हणून शेजारच्या टेबलावरचा उचलून आणला आणि त्याच्यावरही काढला. दोनशे बारा माणसं, त्यांतली एकशे आठ उत्पन्नाच्या रेषेच्या खाली. वॉशिंग्टनला हवेत एक्कावन्न टक्के, म्हणजे एकशे नऊ माणसं. एक माणूस कमी! अख्ख्या गल्लीचं घोडं एका माणसापाशी अडलं होतं, आणि तो माणूस कोण हे मला माहीत होतं.

मी लुडी हॅव्लिक. टोलिव्हरच्या नगरपालिकेत, गृह आणि वस्ती विकास खात्यात एकतीस वर्षं काढली. खातं म्हणजे तीन टेबलं, एक गळका फ्रिज आणि एक साहेब. दरवर्षी वॉशिंग्टनकडून गावाला थोडाफार निधी येतो. त्यातून काय करणार याचा आराखडा आम्ही लिहितो, महिनाभर लोकांसमोर ठेवतो, सुनावणी घेतो आणि मे महिन्यात पाठवतो. गल्लीत गटार बसवायचं असेल तर एक मोठी अट असते. त्या गल्लीतली शंभरातली एक्कावन्न माणसं तरी कमी उत्पन्नाची असली पाहिजेत. एक्कावन्न म्हणजे एक्कावन्न, पन्नास पूर्णांक नऊ चालत नाही. मी फोन करून विचारलंसुद्धा. पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, आम्ही वर ढकलून पूर्ण आकडा करत नाही." चांगली गोड बोलली मेली.

जनगणनेच्या कागदांवर फेनर स्ट्रीट श्रीमंत दिसते. का, तर नदीकाठची बोटक्लबवाल्यांची नवी घरं तिच्याच गटात धरलीत. म्हणून आम्ही दारोदार पाहणी करायची ठरवलं. त्र्याऐंशी घरं, प्रत्येकाच्या दारात जायचं, एक कार्ड दाखवायचं. कार्डावर लिहिलेलं असतं, एवढ्या माणसांचं घर असेल तर उत्पन्नाची रेषा एवढी. मग एकच प्रश्न, "रेषेच्या वर की खाली?" पगार विचारायचा नाही, पावती मागायची नाही. आणि आम्हाला कुठलं उत्तर हवंय हे तर चुकूनही सुचवायचं नाही, नाहीतर पाहणी रद्द. फॉर्म कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात.

मी फेनर स्ट्रीटवरच वाढले. माझा बाप यानो आणि हर्शेल टकेट एकाच काच कारखान्यात, एकाच भट्टीवर. म्हणून मी त्यांना हर्शेलकाका म्हणते, आणि त्यांच्या बायकोला ओपलमावशी. त्या गल्लीत बर्फ वितळला किंवा दोन दिवस पाऊस लागला, की मैल्याचं पाणी तळघरातून वर येतं. शंभर वर्षांचा मातीचा पाइप, ठिकठिकाणी फुटलेला. हर्शेलकाकांनी गल्लीची समिती काढली, नऊ वर्षं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, तीन महापौरांना सळो की पळो करून सोडलं.

या वर्षी त्यांची घाई वेगळी होती. ओपलमावशीची फुप्फुसं गेलेली, नाकात प्राणवायूची नळी, चाकाच्या खुर्चीत बसून असते. आठवड्याला येणाऱ्या नर्सने स्वच्छ सांगितलं होतं, "आणखी एकदा घाण वर आली तर हे घर हिला राहण्यालायक नाही, असं मला लिहून द्यावं लागेल." मग काउंटीच्या सरकारी वृद्धाश्रमात खाट. गल्लीचं नाव यादीत आलं, की काम सुरू होईपर्यंत नगरपालिका प्रत्येक तळघरात उलटं पाणी अडवणारी झडप बसवून देते. यादीत नाव नाही तर झडप नाही. झडप नाही तर मावशी घरात नाही.

आता ऐका माझं शहाणपण.

पाहणीच्या दिवशी मी टकेटांच्या स्वयंपाकघरात बसले होते. मावशी टेबलाशी घेवड्याच्या शेंगा मोडत होती, काका चुलीवरची कॉफी ओतत होते. "ये गं यानोच्या पोरी," ते म्हणाले, "आज सरकार बनून आलीस का?"

"सरकार बनूनच आलेय. बूट पुसून बसू की तसंच?"

मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. "दोन माणसांचं घर, काका. या रेषेच्या वर की खाली?"

त्यांनी चष्मा लावला, कार्ड वाचलं. मग मावशीकडे एकदा बघितलं. शेंगा मोडत होती ती, मान खाली. काकांनी चष्मा काढला आणि छाती पुढे काढून म्हणाले, "वर. लिही, वर."

माझं पेन थांबलं. अहो, माझ्या बापाचं पेन्शन त्याच कारखान्याचं! सहा वर्षांपूर्वी कंपनी बुडाली तेव्हा सगळ्यांचं पेन्शन तिसऱ्या हिश्शावर आलं, माझ्या आईच्या हातात काय पडतं ते मला पैशापैशाने ठाऊक. हा माणूस रेषेच्या वर कसा असेल? पण नियम म्हणजे नियम, माणूस सांगेल ते लिहायचं. मी 'वर' या चौकोनात फुली मारली. दोन माणसं वर.

का खोटं बोलले ते मला दाराबाहेर पडता पडता कळलं. कारखाना विकला गेला तेव्हा कंपनीने दोन रस्ते दिले होते, सगळी रक्कम एकदम घ्या किंवा जन्मभर पेन्शन घ्या. मावशी म्हणाली होती, एकदम घ्या, यांचा काही भरवसा नाही. काका म्हणाले होते, कंपनी आपण गेल्यावरही उभी राहील, तू यातलं काय समजतेस! त्या भांडणाचा आवाज आमच्या घरापर्यंत आला होता. आणि पेन्शन कापलं गेलं तेव्हापासून टपालपेटीची चावी काकांच्या खिशात. मावशीला पत्ता लागू द्यायचा नाही, म्हणून तिच्यासमोर ते खरं कसे बोलतील? सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

गॅरेट ऑयलर, माझा साहेब, वयाने माझ्या मुलाएवढा. मी आकडा दाखवला तेव्हा त्याने डोकं धरलं.

"लुडी, एक माणूस? एकच?"

"एकच."

"कुणी चुकून सांगितलं असेल का?"

"मला बोलता येणार नाही. तूच सही घेतली आहेस माझी गुप्ततेच्या कागदावर."

"बरोबर," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. पोरगा वाईट नाही, पण नियम त्याच्या रक्तात भिनलेत.

त्या आठवड्यात माझा एका जागी पाय ठरेना. जेवायला बसले की उठायचे, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी कपाट उघडलं आणि त्या घराचा फॉर्म बाहेर काढला. एक फुली. ती खोडून खालच्या चौकोनात दुसरी मारायची, कोण बघतंय? आणि खोटंही नाही, उलट खरंच! पेन हातात घेतलंसुद्धा. उद्या कुणी तपासायला आलं, शाईत फरक दिसला, तर फेनर स्ट्रीट तर जाईलच, पण अंधांच्या शाळेच्या दारातला चाकाच्या खुर्च्यांसाठीचा उतार, म्हाताऱ्यांच्या घरांची छपरं, सगळा आराखडाच ते परत पाठवतील. मी फॉर्म ठेवला, कुलूप लावलं आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मग एक युक्ती सुचली. एका घराला सांगता येत नाही ना? मग सगळ्यांना सांगू! गॅरेटकडून मंजुरी घेतली आणि त्र्याऐंशी चिठ्ठ्या छापल्या. "पाहणीत दिलेल्या उत्तरात कुणाला दुरुस्ती करायची असल्यास घरातली कुणीही प्रौढ व्यक्ती जाहीर सुनावणी संपेपर्यंत करू शकते." बस्स, एवढंच. चिठ्ठ्या घेऊन शनिवारी सकाळी गल्लीत गेले, तर हर्शेलकाका पायरीवर बसून तळघरातलं पाणी उपसायचा पंप दुरुस्त करत होते.

मी चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली.

"म्हणजे कुणीतरी खोटं बोललंय," ते म्हणाले.

"मी तसं काही म्हटलं नाही, काका."

"तुझं थोबाडच सांगतंय. यानोचं पण असंच होतं, पत्त्यांत हरला की कपाळावर लिहिलेलं दिसायचं." त्यांनी पाना खाली ठेवला. "आण इकडे त्या चिठ्ठ्या. तुझ्या गुडघ्यांना कशाला त्रास? मी वाटतो. एकेकाच्या डोळ्यांत बघून देतो, म्हणजे ज्याला लाज असेल तो येईल."

"काका, मीच वाटते ना."

"आण म्हणतो ना!"

आणि निघाले की! शहात्तर वर्षांचा माणूस, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझ्या चिठ्ठ्या. प्रत्येक दारात उभं राहून भाषण. "गल्लीशी गद्दारी करू नका. गरीब असणं हा गुन्हा नाही." मी पायरीवर बसून बघत राहिले. हसू की रडू ते कळेना. त्यांच्या स्वतःच्या दारातली चिठ्ठी तेवढी पंपाखाली दाबलेली होती, तिच्यावर वंगणाचा डाग पडला होता.

आत खिडकीशी मावशी बसलेली. मला बघून हात हलवला. मी आत गेले नाही. गेले असते तर तोंडातून काहीतरी निसटलं असतं. तीही मग खुर्ची वळवून आत गेली.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी रात्रभर पाऊस पडला. गुरुवारी पहाटे काकांचा फोन आला, पाणी तळघराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलंय, पंप अजून तरी खेचतोय. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सुनावणी.

एरवी सुनावणीला कोण येतं? मी, गॅरेट, आणि मी आणलेली बिस्किटं. पण त्या दिवशी सभागृह भरलं होतं. फेनर स्ट्रीट सगळी आलेली, ओल्या बुटांनिशी. मागच्या रांगेच्या टोकाला ओपलमावशी, खुर्चीला प्राणवायूची नळकांडी बांधलेली, मांडीवर पर्स, केस नीट विंचरलेले. मी पुढच्या टेबलाशी, कारण सुनावणीत जे जे बोललं जातं ते शब्दाला शब्द लिहून घेणं माझं काम.

गॅरेटने यादी वाचली. छपरं, उतार, खेळाचं मैदान. मग घसा साफ केला. "फेनर स्ट्रीटची गटारवाहिनी. पाहणीत पन्नास पूर्णांक नऊ टक्के. अपात्र."

गलका झाला. काका ध्वनिक्षेपकापाशी पोचले, काठी आपटत.

"किती कमी पडले?"

"मला आकडा सांगायला हरकत नाही," गॅरेट म्हणाला. "एक माणूस."

"एक!" काका सभागृहाकडे वळले. "ऐकलंत? एक माणूस! आपल्यातलाच कुणीतरी, खिशात दमडी नाही पण नाक वर, 'आम्ही नाही बाबा गरीब' म्हणून सांगून बसलाय. नाकापेक्षा मोती जड! त्याच्यापायी माझ्या बायकोला घर सोडावं लागणार. कोण आहे तो? उभं राहावं त्याने!"

कुणी हललं नाही. माझं पेन कागदावर पळत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी मान वर केली नाही, वर केली असती तर सगळं कपाळावर वाचलं असतं त्यांनी.

"मी सांगतो कोण," काका म्हणाले आणि काठी उचलली. "वेंडल रूक! दारात बोट उभी केलीस ना नवी? पांढरीशुभ्र! तूच असणार."

वेंडल रूक म्हणजे त्यांचा शेजारी, ट्रक चालवतो, चार पोरं. तो लालबुंद होऊन उठला. "बोट बँकेची आहे, हर्शेल, मी नुसता तिच्यात बसतो! आणि मी रेषेच्या खाली सांगितलंय. सहाच्या सहा माणसं खाली. बायको साक्षीला आहे. मला लाज नाही वाटली." मग तो थांबला. "तू काय सांगितलंस?"

काकांनी तोंड उघडलं.

"मी विचारतोय तुला," वेंडल म्हणाला. "तू अख्ख्या गल्लीला विचारत फिरलास ना दारोदार? तुला कुणी विचारलं का?"

काका वेंडलकडे बघत होते, मग गॅरेटकडे, मग माझ्याकडे. मी वहीत बघत होते. वहीत काहीच नव्हतं, कारण कुणी काही बोलतच नव्हतं. एकशे नऊवा माणूस कोण हे त्या क्षणी त्यांना कळलं. मला दिसलं नाही, पण काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, हळू.

गॅरेटने घड्याळ बघितलं. नियम रक्तात ना! "कुणाला नोंदीत दुरुस्ती करायची असेल तर सुनावणी अजून सुरू आहे," तो म्हणाला. आवाज मात्र मऊ होता पोराचा.

काका मागच्या रांगेकडे बघायला धजेनात. ध्वनिक्षेपकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. जबडा हलत होता, शब्द येत नव्हता. नऊ वर्षं तीन महापौरांपुढे ज्याची जीभ अडली नाही, त्याची ही अवस्था. मला वाटलं, आता हा माणूस निघून जाणार. जाऊ दे रे देवा, मी मनात म्हटलं, जाऊ दे, पण याला असा उभा नको राहू देऊस.

"एकशे अठरा, फेनर स्ट्रीट," ते पुटपुटले. "दोन माणसं. मी... माझं उत्तर..." पुढचं काही ऐकूच आलं नाही.

मागून खुर्चीच्या चाकांचा आवाज आला.

"मोठ्याने बोल, हर्शेल," ओपलमावशी म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता, प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबत होती. "लुडीला लिहायचंय."

काका वळले. तिच्याकडे बघितलं. मग ते पुन्हा ध्वनिक्षेपकाकडे वळले, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रेषेच्या खाली. सहा वर्षांपासून खाली. दोघंही." मग ओल्या टोपीने डोळे पुसले आणि म्हणाले, "वेंडल, माफ कर."

"बस खाली, म्हाताऱ्या," वेंडल म्हणाला आणि स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

मी लिहिलं. दोन माणसं, खाली. एकशे दहा. अक्षर वेडंवाकडं आलंय, आजही त्या वहीत आहे.

सुनावणी संपल्यावर काका गाडी आणायला गेले आणि मी मावशीची खुर्ची दारापर्यंत ढकलत नेली. पावसाची भुरभुर होती. छपराखाली थांबलो. माझ्याने राहवेना.

"मावशी, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या महिन्यापासून. चावी त्याच्या खिशात, पण टपालवाली बाई माझी मैत्रीण आहे." ती हसली, मग खोकली. "शिवाय पुरतं पेन्शन असलेली माणसं रोज उठून घेवडाच खातात का गं?"

"मग सहा वर्षं बोलली का नाहीस?"

"त्याला वाटत होतं, तो मला सांभाळतोय. त्याच्याकडे दुसरं काय उरलं होतं?"

गाडीचे दिवे वळणावर दिसले. मला हायसं वाटत होतं, गल्ली वाचली, मावशी घरात राहणार. मी तिच्या गळ्याभोवतीची शाल नीट केली. तिने माझं मनगट धरलं. बोटं थंडगार होती, पण पकड घट्ट.

"लुडी, तुझ्या त्या चिठ्ठीत लिहिलं होतंस ना, घरातली कुणीही प्रौढ व्यक्ती?"

"हो. फॉर्मवर पण तसंच असतं."

"मग त्या दिवशी मी तिथे समोरच बसले होते, माझ्याच स्वयंपाकघरात. तू कार्ड त्याच्यापुढे धरलंस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस." ती श्वासासाठी थांबली. "माझ्यापुढे धरलं असतंस, तर मी खाली बोट ठेवलं असतं आणि तो गप्प बसला असता. भरल्या सभेत त्याला हे बोलावं लागलं नसतं."

काकांनी गाडी लावली, उतरून आले आणि आमच्या दोघींकडे न बघता खुर्ची माझ्या हातातून घेतली. मी बाजूला झाले. दार उघडलं, तिला उचलून आत बसवलं त्यांनी, नळी अडकू नये म्हणून हाताने सोडवली.

एकतीस वर्षं मी ही पाहणी करतेय. किती घरं झाली असतील? त्या रात्री मी अंथरुणात पडून आठवत राहिले, किती स्वयंपाकघरांत मी कार्ड कुणापुढे धरलं होतं. एकाही घरातली बाई मला आठवली नाही.